बिननावाचा राक्षस आणि त्याचे प्रेक्षक



कामगार चळवळीत उभे आयुष्य घालवलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत भयपटावर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटले असेल. आम्ही विषय कळवला तेव्हा संयोजकांनीही तो पुन्हा एकदा विचारून घेतला. परंतु आजचा आमचा विषय भूत हा नाही. भूत पाहणारी माणसे हा आहे. चित्रपटाचा इतिहास म्हणजे तो कोणी काढला आणि त्यावर किती पैसा मिळाला एवढाच इतिहास नव्हे. तो कोणी पाहिला, कोठे बसून पाहिला आणि बाहेर पडताना काय म्हटले, हाही इतिहासच आहे. आणि तो नेहमीच्या पुस्तकांत कमी सापडतो.

आम्ही निवडलेला चित्रपट म्हणजे १९३१ साली हॉलिवुडच्या युनिव्हर्सल कंपनीने काढलेला ‘फ्रँकेन्स्टाइन’. तो मेरी शेली या इंग्रज लेखिकेच्या १८१८ सालच्या कादंबरीवरून घेतला आहे. वादळी रात्री, पडके बुरूज, थडगी आणि विजेचा लखलखाट अशा सामग्रीवर उभ्या राहणाऱ्या कथांना इंग्रजीत गॉथिक म्हणतात. त्या जातीची ही नावाजलेली कथा. फ्रँकेन्स्टाइन नावाचा एक तरुण विद्वान मृतांचे अवयव जोडून एक जीव घडवतो, आणि तो जीव डोळे उघडतो त्याच क्षणी त्याला टाकून पळून जातो. पुढे जे घडते ते या टाकून देण्यातून घडते.

या एका जिवाकडे पाहून दोनशे वर्षांत माणसांनी दोन निरनिराळे प्रश्न विचारले. काहींनी विचारले, ‘हा किती भयंकर आहे?’ काहींनी विचारले, ‘याला घडवून टाकून देणारा कोण?’ कोणता प्रश्न कोणाला सुचला, हे पाहत गेले की समाजाच्या घडणीचा नकाशाच हाती लागतो. तो नकाशा उलगडून दाखवावा एवढाच आजचा हेतू.

पुस्तक कोणत्या काळात जन्मले

एप्रिल १८१५ मध्ये आजच्या इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्याची धूळ आकाशात इतकी पसरली की १८१६ साली युरोपला उन्हाळा लाभलाच नाही. पिके गेली, धान्य महागले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये जिनिव्हा सरोवराकाठी पावसाने घरात अडकून पडलेल्या काही तरुण मंडळींनी वेळ घालवण्यासाठी भुताच्या गोष्टी लिहायचे ठरवले. त्यांत कवी बायरन होता, कवी शेली होता आणि अठरा वर्षांची मेरी होती. तिने लिहायला घेतलेली गोष्ट म्हणजे ही कादंबरी.

ही मंडळी निव्वळ कल्पनेच्या राज्यात वावरणारी नव्हती. मेरीचे वडील विल्यम गॉडविन हे राजसत्ता आणि मालमत्ता यांवर कठोर टीका करणारे विचारवंत. आई मेरी वोल्स्टनक्राफ्ट ही स्त्रियांच्या हक्कांचा जोरकस कैवार घेणारी लेखिका. मुलीच्या जन्मानंतर दोन आठवड्यांच्या आतच ती वारली. आणि बायरन? त्याने २७ फेब्रुवारी १८१२ रोजी उमरावांच्या सभागृहात आपले पहिले भाषण केले ते नॉटिंगहॅमच्या विणकरांसाठी. नव्या मागांनी पोटावर पाय आणला म्हणून हे विणकर रात्री जाऊन यंत्रे फोडीत. यंत्र फोडणाऱ्यास फाशी द्यावी असा कायदा सरकार आणीत होते, आणि या उपाशी माणसांना या थराला कोणी आणले असा सवाल बायरन करीत होता. कायदा व्हायचा तो झालाच. परंतु चार वर्षांनी ज्याच्या दिवाणखान्यात या गोष्टीचा जन्म झाला, त्या यजमानाने कामगाराच्या रागाचे मूळ कोठे असते हा प्रश्न जाहीरपणे विचारलेला होता, हे विसरून चालणार नाही.

पुस्तक १ जानेवारी १८१८ रोजी लंडनमध्ये निघाले. तीन भाग, अवघ्या ५०० प्रती, आणि वर लेखिकेचे नाव नाही. ते नाव छापले जायला १८२३ साल उजाडावे लागले.

चित्रपट पाहून पुस्तकाकडे जाणाऱ्याला पहिला धक्का बसतो तो एका गोष्टीने. पुस्तकातला राक्षस बोलतो. नुसता बोलत नाही, उत्तम बोलतो. एका गरीब कुटुंबाच्या झोपडीला लागून असलेल्या आडोशात तो लपून राहतो. भिंतीच्या फटीतून त्यांचे बोलणे ऐकतो. त्या घरात एका परदेशी तरुणीला भाषा शिकवतात, तेव्हा भिंतीपलीकडे हाही शिकतो. वाटेत सापडलेल्या पिशवीतली पुस्तके वाचतो, त्यांत मिल्टनचे महाकाव्य असते, प्लुटार्कची चरित्रे असतात, गटेची कादंबरी असते. मालमत्ता म्हणजे काय, काहींच्या हाती अपार धन आणि इतरांच्या हाती भीक का, हेही तो त्या फटीतूनच समजून घेतो. शाळेची पायरी धड न चढलेल्या आणि युनियनच्या कचेरीत दुसऱ्यांनी वाचून ठेवलेल्या वर्तमानपत्रांवर अक्षरओळख पक्की केलेल्या आमच्यासारख्या माणसाला या प्रकरणाविषयी विशेष ममत्व वाटले, तर आपण समजून घ्याल. पुढे हा जीव डोंगरावर आपल्या निर्मात्याला गाठतो आणि सरळ हिशेब मांडतो. तू मला घडवलेस, आता तुझे माझ्याकडे काही देणे लागते. मराठीत याला मागण्यांचे निवेदन म्हणतात.

आवाज काढून घेतला

२८ जुलै १८२३ रोजी लंडनच्या इंग्लिश ऑपेरा हाऊसमध्ये या कथेवरचे नाटक लागले. रिचर्ड ब्रिन्सली पीक हा त्याचा नाटककार. काही धर्मनिष्ठ मंडळींनी नाटकाविरुद्ध पत्रके काढली, आणि आपल्याकडच्याप्रमाणेच तिकडेही त्यामुळे तिकिटे अधिक खपली. लेखिका स्वतः ऑगस्टअखेर प्रयोगाला जाऊन आली. जाहिरातीत पात्रांच्या यादीत राक्षसाच्या जागी नाव नव्हते, नुसती रेघ ओढली होती. ज्याला नाव नाही त्याला रेघच शोभते असे वाटून तिला ती कल्पना आवडली.

परंतु नाटकाने एक मोठा बदल करून ठेवला. राक्षस मुका झाला. रंगमंचावर तो हातवारे करी, धडपडे, आपटे. तो बोलत नव्हता. ज्याच्या तोंडी पुस्तकातले सर्वांत मोठे कैफियतनामे होते, त्याचे तोंडच बंद केले गेले. मुक्या माणसाविषयी कोणीही काहीही बोलावे, त्याला उलटून उत्तर देता येत नाही. पुढच्या शंभर वर्षांत नेमके तेच झाले.

१६ मार्च १८२४ रोजी ब्रिटिश पार्लमेंटात परराष्ट्रमंत्री जॉर्ज कॅनिंग वेस्ट इंडीजमधील गुलामांविषयी बोलत होते. गुलामांना एकदम मोकळे करणे म्हणजे अंगात राक्षसाचे बळ आणि डोक्यात मुलाची समज असलेला जीव जगात सोडणे होय, अशा आशयाचे उदाहरण त्यांनी दिले, आणि नाव न घेता याच गोष्टीकडे बोट दाखवले. १८४८ साली एलिझाबेथ गॅस्केल यांनी मँचेस्टरच्या गिरणी कामगारांवर ‘मेरी बार्टन’ ही कादंबरी लिहिली. कामगारांविषयी कळवळा असलेल्या या लेखिकेनेही अशिक्षित जनतेला फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाची उपमा दिली. तीत निर्मात्याचे नाव राक्षसाला चिकटवण्याची गफलत आहे, आणि ती आजही सर्रास चालते. १८६६ साली बर्मिंगहॅमचे पुढारी जॉन ब्राइट कामगारांना मताचा हक्क मागत होते, तेव्हा ‘पंच’ साप्ताहिकात टेनियलने व्यंगचित्र काढले. त्यात अवाढव्य कामगार बसला आहे आणि ब्राइटसाहेब त्याच्यासमोरून चवड्यांवर दबकत चालले आहेत. शीर्षकात फ्रँकेन्स्टाइन आणि बर्मिंगहॅम यांची सांगड. १८८२ साली त्याच चित्रकाराने आयरिश चळवळीलाही हेच सोंग चढवले.

हे सारे त्या कथेचे प्रेक्षकच होते, श्रोतेहो. फक्त ते पहिल्या रांगेत बसलेले होते. गुलाम सुटणार, मजूर मत देणार, आयरिश शेतकरी जमीन मागणार, असा प्रसंग आला की त्यांना राक्षस आठवे. त्याला घडवून टाकून देणारा मात्र त्यांना कधी आठवला नाही.

१९३१ चा बोलपट

आता बोलपटाकडे येऊ. त्याचा दिग्दर्शक जेम्स व्हेल हा १८८९ साली इंग्लंडात डडली गावी जन्मला. बाप लोखंडाच्या भट्टीवर कामाला, आई परिचारिका. मुलाने काही काळ चांभारकामही केले. पहिल्या महायुद्धात तो जर्मनांच्या कैदेत सापडला आणि तेथे कैद्यांची नाटके बसवता बसवता नाटकवाला झाला. हे डडली गाव बर्मिंगहॅमला अगदी लागून आहे. म्हणजे ज्या मुलखातल्या कामगाराला ‘पंच’ने राक्षस म्हणून रंगवले होते, त्याच मुलखातल्या भट्टीकामगाराच्या मुलाने पासष्ट वर्षांनी तो राक्षस पडद्यावर आणला. हा योगायोग आहे, पण इतिहासात असे योगायोग बोलके असतात.

राक्षसाचे काम केले बोरिस कार्लोफने. रशियन वाटणारे हे नाव घेतलेले होते. खरा तो विल्यम हेन्री प्रॅट, लंडनचा. त्याच्या घराण्याचा हिंदुस्थानशी जुना संबंध, आणि त्यातला एक धागा आपल्या महाराष्ट्रात पोचतो. त्याच्या आजीची बहीण ॲना लिओनोवेन्स, जी सयामच्या राजवाड्यातील शिक्षिका म्हणून पुढे प्रसिद्ध झाली, ती १८३१ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, कंपनी सरकारच्या फौजेतील एका सार्जंटच्या घरात जन्मली होती.

बोलपटाच्या आरंभीच्या नामावळीत राक्षसाच्या पात्रासमोर नटाचे नाव नाही, प्रश्नचिन्ह आहे. नाटकाच्या रेघेचाच हा वारस. आणि मूळ लेखिकेचे नाव? ते ‘मिसेस पर्सी बी. शेली’ असे, नवऱ्याच्या नावाने. ज्याने घाम गाळला त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह आणि जिने कथा रचली ती कोणाची तरी बायको! कारखान्याच्या हजेरीपटाशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

बोलपटाने कथेत आणखी एक भर घातली, ती आम्हांला सर्वांत आक्षेपार्ह वाटते. डॉक्टरचा नोकर फ्रिट्झ मेंदू चोरायला जातो. चांगल्या मेंदूची बरणी त्याच्या हातून फुटते, आणि तो गुन्हेगाराचा मेंदू घेऊन येतो. मूळ पुस्तकात याचा मागमूस नाही. तेथे तो जीव सद्भावाने जन्मतो, दगड खाऊन खाऊन कडवट होतो. बोलपट मात्र आधीच सांगून टाकतो की हा जात्याच गुन्हेगार. ही युक्ती आपल्या ओळखीची आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने कायदा करून अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, आणि त्यांतल्या कित्येकांना सोलापूरच्या तारेच्या कुंपणात ठेवले. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. माणसाच्या वागण्याचे कारण त्याच्या कवटीत सापडले की त्याच्या पोटाची चौकशी करावी लागत नाही.

परंतु व्हेल आणि कार्लोफ यांनी या युक्तीवर आपल्या कलेने मात केली. छताची झडप उघडते, अंधारात ठेवलेल्या राक्षसाच्या अंगावर प्रथमच उजेड पडतो, आणि तो दोन्ही हात वर करून तो उजेड धरू पाहतो. झडप लावून घेतात. त्याचे हात रिकामे राहतात. तो काही न बोलता ते हात मालकापुढे पसरतो. पुढे फ्रिट्झ पेटती मशाल त्याच्या तोंडापुढे नाचवून त्याला छळतो. ही दृश्ये पाहिल्यावर गुन्हेगारी मेंदूची बरणी कोणाच्या ध्यानात राहत नाही.

प्रेक्षक काय म्हणाले

ऑक्टोबर १९३१ अखेर कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे कंपनीने चाचणीचा खेळ लावला. काही लोक उठून गेले, पुन्हा आत आले, पुन्हा उठून गेले. एका गृहस्थाने त्या रात्री थिएटरच्या मॅनेजरला पुन्हा पुन्हा फोन करून, मला झोप नाही तर तुम्हांलाही लागू देणार नाही असे बजावले, अशी एक गंमतीची आठवण सांगतात. कंपनी घाबरली. तिने आरंभी एक नट पडद्याबाहेर आणून प्रेक्षकांना सावधगिरीचा इशारा देववला, आणि शेवट असा केला की डॉक्टर फ्रँकेन्स्टाइन जिवंत राहतो. राक्षस पवनचक्कीत जळतो, डॉक्टर बिछान्यात बरा होतो, आणि त्याचा जहागीरदार बाप मद्याचा पेला उंचावतो.

डिसेंबर १९३१ मध्ये न्यूयॉर्कच्या मेफेअर थिएटरात बोलपट लागला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे टीकाकार मॉर्डंट हॉल यांनी त्याची स्तुती केली, त्याच वर्षीचा ‘ड्राक्युला’ यापुढे मवाळ वाटतो असे म्हटले, आणि एक मार्मिक निरीक्षण नोंदवले: बरेच प्रेक्षक हसत होते, ते आपल्या खऱ्या भावना लपवण्यासाठी. ते दिवस महामंदीचे होते. अमेरिकेत लक्षावधी कामगार बेकार होते. ज्याचा काही अपराध नाही आणि ज्याला कोठेच थारा नाही, असा एक धिप्पाड, फाटक्या कोटातला जीव पडद्यावर भटकत होता. अंधारात बसलेल्या बेकाराने हसून काय लपवले असेल, हे आम्ही सांगायला नको.

वरिष्ठ वर्गाचे मत कात्रीने व्यक्त झाले. कॅन्सस राज्याच्या सेन्सॉर मंडळाने इतकी दृश्ये कापायला सांगितली की बोलपट निम्मा उरला असता. पुढे तडजोड झाली. जीव हलू लागताच डॉक्टर स्वतःची तुलना देवाशी करतो ते वाक्य धर्मभावना दुखावणारे ठरले, आणि नंतरच्या आवृत्तीत त्यावर ढगांचा गडगडाट घालून ते बुडवण्यात आले. इंग्लंडात मुलांनी असले चित्रपट पाहावेत की नाही यावर वाद माजला, आणि १९३७ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना मनाई करणारे भयपटांचे स्वतंत्र प्रमाणपत्र आले.

सर्वांत बोधप्रद गोष्ट तळ्याकाठच्या दृश्याची. मारिया नावाची शेतकऱ्याची चिमुरडी राक्षसाला भीत नाही. त्याला फुले देते. दोघे पाण्यात फुले सोडतात, ती तरंगतात. फुले संपतात. फुलासारखीच हीही तरंगेल असे वाटून तो भाबडा जीव मुलीला उचलून पाण्यात टाकतो, आणि ती बुडते तेव्हा घाबरून पळत सुटतो. सेन्सॉरांना हे सोसले नाही. त्यांनी टाकण्याचा भाग कापला. राहिले काय? राक्षस मुलीकडे हात नेतो, दृश्य तुटते, आणि पुढे बाप मुलीचे कलेवर हातांवर घेऊन गावातून चालत येतो. मधे काय झाले असेल हे प्रेक्षकांच्या कल्पनेवर सोडले गेले, आणि कल्पना अधिकच वाईट धावली. अजाणतेपणी झालेला अपघात कापल्यामुळे हेतुपुरस्सर केलेला अत्याचार दिसू लागला. नीतीच्या रक्षणासाठी चालवलेल्या कात्रीने एका निरपराधाला नराधम करून टाकले! ते तुकडे १९८० नंतरच्या दशकात पुन्हा जोडले गेले. म्हणजे पन्नासएक वर्षे प्रेक्षकांनी अर्धी साक्ष ऐकूनच निकाल दिला.

आणि तरीही, ही ध्यानात घेण्याची गोष्ट आहे, पिटातल्या प्रेक्षकाने पुष्कळदा बरोबर निकाल दिला. कार्लोफने आपल्या उत्तरायुष्यात वारंवार सांगितले की त्याला मुलांची असंख्य पत्रे येत, आणि त्यांत भीतीपेक्षा राक्षसाविषयीची करुणा अधिक असे. ज्या मुलांच्या कोवळ्या मनावर परिणाम होईल म्हणून मोठी माणसे चिंतेत होती, त्या मुलांना राक्षस कळला होता. कोणी आपल्याला हाकलून दिले म्हणजे कसे वाटते, हे मुलांना शिकवावे लागत नाही.

आमच्या अभ्यासवर्गात

काही वर्षांपूर्वी युनियनच्या अभ्यासवर्गात आम्ही भिंतीला पांढरी चादर लावून हा बोलपट दाखवला. जमलेले बहुतेक ठेकेदारीवरचे. सफाईच्या बाया, पहारेकरी, माल चढवणारे. इंग्रजी फार थोड्यांना येत होते, परंतु राक्षसालाही ते येत नसल्याने अडले नाही. आम्ही मधून मधून मराठीत सांगत होतो.

जहागीरदाराला पाहून मंडळी हसली. मशालीच्या प्रसंगी चिडीचूप झाली. नंतर चर्चा सुरू झाली, तेव्हा सफाईकाम करणारी एक बाई म्हणाली, “जन्माला घातलं आणि टाकून दिलं. मग ते कसं वागणार?” यावर एक वयस्क पहारेकरी उठला. तो म्हणाला, “ताई, तुमचं खरं आहे. पण पोरगी मेली ना? ती काय डॉक्टरची होती? ती गरीब शेतकऱ्याची होती. राग कुणाचा आणि मेलं कोण?” सभा गप्प झाली. तेवढ्यात मागून एक तरुण हमाल म्हणाला, “आणि डॉक्टर शेवटी सुटला की!”

श्रोतेहो, या चित्रपटावर आम्ही पुष्कळ विद्वानांची मते वाचली आहेत. या तीन वाक्यांच्या पुढे फारशी कोणी मजल मारलेली नाही. पहिले वाक्य करुणेचे आहे. दुसरे त्या करुणेला लगाम घालते, कारण टाकलेल्याचा राग बहुधा शेजारच्या दुबळ्यावरच कोसळतो, आणि त्या दुबळ्याचे दुःख कोणत्याही तत्त्वज्ञानाने पुसता येत नाही. तिसरे वाक्य जबाबदारीचे आहे. आता बोलपट पुन्हा पाहा. मारियाचा बाप मुलीला घेऊन न्याय मागायला येतो. गाव मशाली पेटवते. शोधाच्या तीन तुकड्या होतात. त्यांतल्या एकीचा पुढारी कोण? खुद्द डॉक्टर फ्रँकेन्स्टाइन! ज्याच्या कर्माने मूल मेले तोच मशाल घेऊन दुःखी बापाच्या बरोबरीने निघतो, आणि त्या गर्दीत एकालाही सुचत नाही की या गृहस्थाला दोन प्रश्न विचारावेत. मूळ मालक, मधला ठेकेदार आणि जखमी मजूर यांच्या फेऱ्यात सापडलेले खटले ज्यांनी चालवले आहेत, त्यांना हा जमाव नवा नाही. अपघात झाला की गावकऱ्यांचा राग गाडी चालवणाऱ्यावर, आणि गाडीचा मालक शोकसभेच्या अध्यक्षस्थानी.

प्रश्नचिन्हामागचा कामगार

आता त्या प्रश्नचिन्हाविषयी. कार्लोफच्या तोंडावर रंगभूषाकार जॅक पिअर्स रोज सुमारे चार तास काम करी. त्यानंतर जड बूट, जाड कपडे आणि दिव्यांची धग. एका वेळी तर चोवीस तासांहून अधिक सलग काम झाले. बोलपटाने कंपनीला तारले, परंतु चाचणीच्या खेळाला त्याला बोलावणेही नव्हते, असे तो सांगत असे.

मार्च १९३३ मध्ये मंदीचे निमित्त करून निर्मात्यांनी आठ आठवड्यांसाठी पगार निम्मे केले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात हॉलिवुडच्या नटांनी आपली संघटना स्थापन केली, स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड. तिच्या अगदी पहिल्या सभासदांत कार्लोफ होता. त्याचा सभासद क्रमांक ९. पुढे कित्येक वर्षे तो तिच्या कार्यकारिणीवर होता. मे १९३७ मध्ये निर्मात्यांना या संघटनेशी करार करावा लागला. ज्याला पडद्यावर मुका ठेवले होते, त्याने पडद्यामागे तोंड उघडले, आणि एकट्याने उघडले नाही. पुस्तकातल्या राक्षसाची खरी शोकांतिका हीच की त्याच्यासारखा दुसरा कोणी नव्हता. त्याने जोडीदार मागितला, आणि डॉक्टरने तो अर्धा घडवून फाडून टाकला. एकाचा आक्रोश म्हणजे उपद्रव, अनेकांचा आक्रोश म्हणजे मागणी, हे त्या डॉक्टरला पुरते कळत होते.

तथापि कोणालाही देव्हाऱ्यात बसवू नये. १९३५ साली व्हेलनेच ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ काढला आणि त्यात राक्षसाला थोडेसे बोलायला लावले. त्याला विरोध केला तो कार्लोफनेच! बोलल्याने राक्षसाची जादू जाईल असे त्याचे मत होते. नट म्हणून त्याचे म्हणणे बिनबुडाचे नव्हते, कारण मुके राहून त्याने जे सांगितले ते शब्दांनी सांगितले नसते. परंतु आम्हांला त्या चित्रपटातला आंधळ्या म्हाताऱ्याचा प्रसंग अधिक मोलाचा वाटतो. ज्याला राक्षसाचे रूप दिसत नाही, तोच एकटा त्याला भाकरी देतो आणि शब्द शिकवतो.

पुढचे प्रेक्षक

१९३८ साली लॉस अँजेलिसजवळच्या एका लहान थिएटराने ‘ड्राक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ पुन्हा लावले, तेव्हा इतकी झुंबड उडाली की कंपनीने ते देशभर काढले आणि नवा भाग करायला घेतला. १९५७ पासून अमेरिकन दूरचित्रवाणीने हे जुने भयपट घरोघर पोचवले, आणि आजोबांना ज्याची भीती वाटली त्यावर नातवंडे प्रेम करू लागली. १९९१ मध्ये अमेरिकेने तो राष्ट्रीय चित्रपट नोंदपटात जपून ठेवला. ज्याचे तुकडे करायला निघाले होते, त्याचे प्रत्येक चित्र आता तिजोरीत!

२०२५ साली गिलेर्मो देल तोरो या मेक्सिकन दिग्दर्शकाने ही कथा पुन्हा पडद्यावर आणली. तिचा एक भाग निर्माता सांगतो आणि दुसरा भाग स्वतः तो जीव सांगतो. १८२३ साली काढून घेतलेला आवाज दोनशे वर्षांनी एवढ्या विस्ताराने परत मिळाला, याचे आम्हांला समाधान आहे. या नव्या चित्रपटात राक्षस फारच सुंदर आणि सालस झाला अशी तक्रार आमच्या काही तरुण मित्रांनी केली. ती आम्हांला महत्त्वाची वाटते. टाकलेला माणूस देखणा आणि गुणी असेल तरच त्याची बाजू ऐकायची, ही अटही धोक्याचीच आहे. कार्लोफचा राक्षस ओबडधोबड होता, त्याच्या हातून एक मूल मेले होते, आणि तरीही मुलांनी त्याला पत्रे लिहिली. न्यायाची कसोटी तेथे लागते.

आज माणसाने घडवलेल्या बोलक्या यंत्रांची चर्चा सुरू झाली की वर्तमानपत्रांतून फ्रँकेन्स्टाइनचे नाव पुन्हा निघते. यंत्र भयंकर आहे काय, हा प्रश्न जोरात विचारला जातो. ते कोणी, कोणाच्या पैशाने, कोणाची कामे काढून घेण्यासाठी घडवले, आणि उद्या काही बिघडले तर उत्तर कोणी द्यायचे, हे प्रश्न मागच्या बाकांवरून हळू आवाजात येतात. आमची आपल्याला विनंती एवढीच की त्या मागच्या बाकांकडे कान द्यावा. या कथेच्या बाबतीत तरी ते पहिल्या रांगेपेक्षा अधिक वेळा बरोबर ठरले आहेत.